जुन्या भंडाऱ्याएवढा देश

1 मे 1999 ला गोंदिया वेगळा निघाला. त्याआधीचा आमचा भंडारा जिल्हा ज्यांनी पाहिला, त्यांच्या डोळ्यांपुढे अजून तो जुना नकाशाच असतो. खाली पवनीचा किल्ला नि वैनगंगा, वर तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणी, तिकडे पार देवरी-सालेकसाचं जंगल आणि मधे तळीच तळी, धानाच्या बांध्याच बांध्या. 1991 च्या जनगणनेत या अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या 21 लाखांवर होती. युरोपात बाल्टिक समुद्राच्या काठी लाटव्हिया नावाचा देश आहे. त्याची आजची लोकसंख्या 19 लाखांच्या आत आहे. म्हणजे आमच्या जुन्या जिल्ह्याहून लहानच.

त्या देशात समुद्राला लागून लिएपाया नावाचं शहर आहे. वस्ती 70 हजारांच्या आसपास. आमचं भंडारा शहर 2011 च्या जनगणनेत 92 हजारांपर्यंत पोचलं होतं. त्या लिएपायाचा एक पोरगा 17 जून 2024 ला बोस्टन सेल्टिक्सच्या संघातून एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा विजेता झाला. त्याचं नाव क्रिस्टाप्स पोरझिंगिस. उंची सव्वासात फूट. शाळेत असल्यापासून बास्केटबॉलच्या नादी लागलेल्या माझ्यासारख्या भंडाऱ्याच्या माणसाला ही दोन गावं शेजारी ठेवून पाहण्याचा मोह आवरत नाही. उंची देवाघरची म्हणून सोडून देऊ. बाकीचं काय तिथं होतं जे इथं नव्हतं, आणि काय इथंही होतं पण आता नाही, ते सांगायचं आहे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी भंडाऱ्यात बास्केटबॉल खेळणारे मोजकेच. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल यांचं राज्य होतं. आमचं मैदान मुरमाचं, पाणी मारून चोपलेलं. पावसाळ्यात वरचा मुरूम वाहून जायचा नि खालचे गोटे वर यायचे. बोर्ड लाकडी फळ्यांचा. फळ्या उन्हाने आकसून त्यांच्यात बोटभर फटी पडलेल्या. बॉल फटीवर आदळला तर कुठं उडेल त्याचा नेम नसे, आणि कोणत्या फळीवर मारला की तो रिंगमध्ये पडतो हे आम्हाला पाठ होतं. बाहेरगावचा संघ आला की या ज्ञानाचा मोठा फायदा व्हायचा. रिंगला जाळी नव्हतीच. त्यामुळे लांबून मारलेला बॉल रिंगमधून गेला की बाजूने, यावरून रोज भांडण. खाली उभा असलेला सांगेल ते खरं, असा शेवटी तोडगा निघालेला.

रेषा आम्हीच आखायचो. डब्याला भोकं पाडून त्यात फक्की भरायची, दोरी ताणायची आणि डबा हलवत चालायचं. रिंगखालचा चौक तेव्हा आजच्यासारखा सरळ आयताकृती नव्हता. फ्री थ्रोच्या रेषेपाशी अरुंद आणि रिंगखाली पसरत गेलेला असा तो असे. ती तिरकी रेघ हाताने सरळ यायला सराव लागायचा. तीन गुणांची रेष तर नव्हतीच. ती आंतरराष्ट्रीय नियमांत 1984 साली आली, आणि आमच्यापर्यंत पोचायला आणखी काही वर्षं गेली. तोवर कितीही लांबून मारा, दोनच गुण. म्हणून लांबून मारणाऱ्याला सर ओरडायचे, "काहून हौस करून राह्यला बे? आत घुस!"

बॉल एकच असे. चामड्याचा, शिवणीचा, दवात भिजला की जडशीळ होणारा. हवा कमी झाली की सायकलच्या दुकानात न्यायचा. दुकानदार सुई थुंकीने ओली करून आत खुपसायचा आणि पंप मारता मारता आपलाही एक शेरा मारायचा. उन्हाळ्यात भंडाऱ्याचं ऊन काय असतं ते सांगायला नको. तेव्हा खेळ पहाटे, नाहीतर दिवेलागणीला. दिवा म्हणजे रस्त्यावरचा. त्याचा उजेड एकाच रिंगपर्यंत पोचायचा, म्हणून अंधार पडला की सगळा खेळ त्या एका रिंगवर यायचा.

आणि नियम होता: जिंकेल तो थांबेल, हरेल तो बाहेर. अमुक इतक्या बास्केटचा गेम ठरायचा. बाहेर एकदोन संघ वाट पाहत बसलेले असायचे. हरलात की पुन्हा पाळी यायला अर्धा-पाऊण तास बसा. त्यामुळे हरणं महागात पडायचं. मैदानावर कोण नसे? जवाहरनगरच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीतून सायकलने येणारी, केरळ-पंजाब-बंगालच्या घरांतली पोरं होती. बँकेतला कारकून होता, कॉलेजातले दांडगे होते, पोलीस लाइनीतला जवान होता, आणि त्या सगळ्यांच्या कोपरांखाली सापडलेले आम्ही शाळकरी. कोणी वय विचारत नसे. पोलीसदादाने खांद्याने ढकललं की आम्ही मुरमात. उठायचं, गुडघ्याची माती झटकायची आणि पुढच्या वेळी तो यायच्या आधी बॉल सोडायचा. पायाची चाल, अंग चोरून घुसणं, पाठीमागचा माणूस न पाहता ओळखणं, हे सगळं मी तिथं शिकलो. आम्हाला शिकवणारे पीटीचे सर एकच गोष्ट सांगायचे: "रिंग नको पाहू. रिंगची मागची कडी पाह्य." आजही टीव्हीवर कोणाचा फ्री थ्रो हुकला की माझी नजर त्या मागच्या कडीवर जाते.

ज्याचा खेळ या संध्याकाळच्या गर्दीत उठून दिसे, त्याची पुढची वाट ठरलेली होती. शालेय स्पर्धा, मग कॉलेज, मग नागपूर. लाल डब्यात बसून मौद्याचा पूल ओलांडायचा नि नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरायचं. तिथून विद्यापीठाच्या संघात निवड झाली की तो पोरगा 'कलर होल्डर'. हा शब्द तेव्हा आमच्याकडे लग्नाच्या बोलणीतही निघायचा. विद्यापीठाचा कोट घालून तो गांधी चौकातून चालला की पानठेल्यावरचे लोक हाक मारून बोलवायचे.

नागपूरच्या खेळाडूंचा आम्हाला धाक वाटायचा. तिथं बास्केटबॉलची जुनी मुळं आहेत, शिवाजीनगर जिमखान्यासारखी ठिकाणं आहेत, जिथं पिढ्यान्पिढ्या हा खेळ खेळला गेला. नागपूरची सिया देवधर अलीकडे भारताच्या संघात खेळली, ते त्याच मातीतून आलेलं आहे. मुंबईत नागपाड्याने तर देशाला खेळाडू पुरवले. तिथल्या अब्बास मुंतसिर यांना 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांचं नाव आम्ही वर्तमानपत्रात वाचलेलं, खेळ कधी पाहिला नाही, तरी आमच्यातला एक जण स्वतःला अब्बास म्हणवून घ्यायचा.

पण कलर होल्डर झाल्यावर पुढे काय? पुढे 'लागणं'. पोरगं रेल्वेत लागलं, पोलिसात लागलं, बँकेत लागलं, वीज मंडळात लागलं. खेळाचं फळ म्हणजे नोकरी, आणि ती मिळाली की घरच्यांच्या लेखी खेळाचं काम झालेलं असायचं. हातावर पोट असलेल्या घरात बाप पोराला रोज दोन तास मैदानावर सोडतो, त्याच्या बदल्यात कायमची पगाराची नोकरी, हा सौदा त्या काळात मोठाच होता. कित्येक घरं त्यावर उभी राहिली. मी त्याला कधी नावं ठेवणार नाही. पण त्या वाटेचा शेवट मैदानावर होत नव्हता. पंचविशीत, म्हणजे ज्या वयात बास्केटबॉलपटू खरा पिकायला लागतो, त्या वयात आमचे चांगले चांगले खेळाडू फायलींवर सह्या करत होते आणि वर्षातून एकदा खात्याच्या स्पर्धेसाठी बूट बाहेर काढत होते.

गंमत अशी की तेव्हा लाटव्हियातही कागदोपत्री हेच चाललं होतं.

'सोव्हिएत देश' नावाचं मासिक त्या काळी मराठीतूनही यायचं. त्याचा कागद असा गुळगुळीत की वह्या-पुस्तकांना कव्हर घालायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. आमच्या वर्गातल्या निम्म्या वह्यांवर ट्रॅक्टर, धरणं, अंतराळवीर आणि जिम्नॅस्ट मुली असायच्या. लाटव्हिया तेव्हा त्या सोव्हिएत संघाचा एक भाग होता आणि त्या संघाच्या बास्केटबॉलला खेळाडू पुरवणारं एक मोठं कोठार होता. मुळात 1935 साली जिनिव्हात युरोपची पहिली बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धा झाली, तीच लाटव्हियाने स्वतंत्र देश म्हणून जिंकली होती. पुढे सोव्हिएत अमलात 1958 पासून युरोपच्या क्लबांची चषक स्पर्धा सुरू झाली, तर तिची पहिली तिन्ही वर्षं रीगाच्या 'आस्क' संघाने मारली. आस्क म्हणजे लष्कराचा क्लब. तिथला खेळाडू कागदावर सैनिक, तसा दुसरा कुठला विद्यार्थी, तिसरा कारखान्याचा कर्मचारी. 'व्यावसायिक खेळाडू' असं काही त्या व्यवस्थेत नव्हतंच. आमचा रेल्वेचा खेळाडू कागदावर कारकून, त्यांचा रीगाचा खेळाडू कागदावर जवान.

फरक कागदाच्या पलीकडे होता. उल्याना सेम्योनोव्हाचं घ्या. लाटव्हियाच्या एका कोपऱ्यातल्या खेड्यातली मुलगी, उंची जवळपास सात फूट. 13 व्या वर्षी प्रशिक्षकांनी तिला हेरलं आणि रीगाला नेलं. टीटीटी रीगा या क्लबकडून ती वर्षानुवर्षं खेळली, युरोपचे चषक एकामागून एक जिंकले. 1976 मॉन्ट्रियल आणि 1980 मॉस्को, दोन्ही ऑलिंपिकांत सोव्हिएत संघाकडून सुवर्णपदक. तिच्या पायाच्या मापाचे बूट बाजारात मिळत नसत, खास बनवून घ्यावे लागत. 1980 ची ती मॉस्कोची स्पर्धा आपल्यालाही आठवायला हवी, कारण भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये खेळला तो तेव्हाच. अनेक देशांच्या बहिष्कारामुळे जागा रिकाम्या झाल्या, आपल्याला संधी मिळाली, आपण 12 संघांत 12 वे आलो. त्यानंतर आजपर्यंत पुन्हा नाही.

सेम्योनोव्हाला परदेशी क्लबात पैसे घेऊन खेळायला मिळालं ते कारकिर्दीच्या अगदी शेवटी, गुडघे बोलायला लागल्यावर. स्पेनमध्ये नि फ्रान्समध्ये ती थोडं खेळली. 1993 साली अमेरिकेतल्या नायस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये तिला स्थान मिळालं. तोवर तिचा देश पुन्हा स्वतंत्र झाला होता. तिच्या वाट्याला मान सगळा आला, पण स्वतःच्या खेळाची किंमत स्वतः ठरवायची वेळ आली नाही. ती पुढच्या पिढीच्या वाट्याला आली.

1991 नंतर लाटव्हियात कागद बदलले. दुसऱ्याच वर्षी गुंडार्स वेत्रा मिनेसोटाकडून एनबीएत उतरला. 2004 साली आंद्रिस बिएद्रिन्श नावाच्या 18 वर्षांच्या पोराला गोल्डन स्टेटने पहिल्याच फेरीत उचललं. डेव्हिस बर्टान्स नावाचा एक नेमबाज आहे. लहानपणी लाकूड कापताना त्याच्या उजव्या हाताच्या एका बोटाचं टोक गेलं, आणि तरी त्याच हाताने तीन गुणांचे शॉट मारत तो एनबीएत पोचला. आणि मग पोरझिंगिस.

त्याचा जन्म 2 ऑगस्ट 1995 चा. आईवडील दोघंही बास्केटबॉल खेळलेले, थोरला भाऊ यानिस युरोपात व्यावसायिक खेळाडू. लिएपायाच्याच क्लबात त्याने सुरुवात केली. 15 व्या वर्षी स्पेनमधल्या सेव्हिलच्या क्लबने त्याला नेलं. काठीसारखा पोरगा, भाषा येत नाही, वर रक्तक्षय झालेला. सरावात दमून जायचा, कारण कळेना. तपासणीत कळल्यावर त्याच्या खाण्यापिण्यापासून सगळं क्लबने बघितलं. 17 व्या वर्षी तो स्पेनच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये प्रौढ माणसांविरुद्ध उतरला. आमच्या मैदानावरच्या पोलीसदादाची मला इथं आठवण होते. तसेच खांदे, तशीच कोपरं, फक्त लाकडी फरशीवर आणि भरल्या स्टेडियममध्ये. तीन हंगाम तो हे खात राहिला.

25 जून 2015 च्या रात्री न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एनबीएचा ड्राफ्ट झाला. आपल्याकडे 26 ची पहाट-सकाळ. ड्राफ्ट म्हणजे क्लबांनी ओळीने एकेक नवा खेळाडू निवडायचा. चौथ्या क्रमांकावर न्यूयॉर्क निक्सने पोरझिंगिसचं नाव घेतलं, तसा प्रेक्षागृहात बसलेल्या त्यांच्याच चाहत्यांनी हुर्यो उडवली. निक्सचा टी-शर्ट घातलेला एक लहान मुलगा तर रडायलाच लागला, आणि ते जगभर दिसलं. हा कोण कुठला काटकुळा, याला काय म्हणून घेतलं! काही महिन्यांत तीच न्यूयॉर्कची मंडळी त्याच्या नावाचा जयजयकार करत होती.

त्याच रात्री, त्याच ठिकाणी, 52 व्या क्रमांकावर डॅलस मॅव्हरिक्सने आणखी एक नाव घेतलं: सतनाम सिंग भमारा. पंजाबातल्या बल्लोके गावचा, सात फूट दोन इंच उंच, जन्म डिसेंबर 1995 चा. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला तो पहिलाच. त्या दिवशी मी ओळखीच्या प्रत्येकाला ही बातमी सांगत सुटलो होतो. भारतातल्या खेड्यातला शेतकऱ्याचा पोरगा! पण सतनामला एनबीएचा एकही अधिकृत सामना खेळायला मिळाला नाही. खालच्या लीगमध्ये डॅलसच्याच संलग्न संघाकडून तो खेळला, नंतर कॅनडात खेळला, आणि पुढे अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीकडे वळला.

दोघांचं वय एक, उंची जवळपास एक. शरीरयष्टी उलट सतनामची दांडगी. तरी एक चौथा, दुसरा 52 वा. मला विचाराल तर याचं मोठं उत्तर सामन्यांत आहे. ड्राफ्टच्या दिवशी पोरझिंगिसच्या गाठीला स्पेनच्या लीगचे तीन हंगाम होते. सतनाम 2010 साली, 14 व्या वर्षी शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातल्या अकादमीत गेला, मेहनत जीव तोडून केली, पण तो थेट त्या शाळेतून ड्राफ्टला बसला. कॉलेजचा सामना नाही, व्यावसायिक लीगचा सामना नाही. उंची घेऊन दोघंही आले. रोज आपल्यापेक्षा जाणत्या माणसाशी झगडून येणारी समज मात्र एकाच्याच वाट्याला आली होती. सतनामची त्यात काही चूक नव्हती. 14 वर्षांचा होईपर्यंत त्याला देशात पुरेसे सामने मिळायची सोयच नव्हती.

पोरझिंगिसचं पुढचं आयुष्यही सरळ नव्हतं. फेब्रुवारी 2018 मध्ये, ऑल-स्टार संघात निवड झालेली असताना, गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. पुढचा अख्खा हंगाम गेला. निक्सने त्याला डॅलसला देऊन टाकलं, तिथून वॉशिंग्टन, तिथून 2023 ला बोस्टन. 2024 च्या अंतिम फेरीत तो पोटरीच्या दुखापतीतून परतला आणि पहिल्या सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरून 20 गुण केले. दुसऱ्या सामन्यात पाय पुन्हा दुखावला, तरी शेवटच्या सामन्यात मैदानावर आला. समोर संघ होता डॅलसचा, ज्या डॅलसने त्याला सोडलं होतं आणि ज्याने नऊ वर्षांपूर्वी सतनामला निवडलं होतं. सव्वासात फुटाचा हा माणूस रिंगखाली उभा राहत नाही, तीन गुणांच्या रेषेच्याही बाहेर जाऊन मारतो. सेम्योनोव्हाच्या काळात अशा उंचीच्या खेळाडूने असं केलं असतं तर प्रशिक्षकाने बाहेर बसवलं असतं. आमच्या सरांनी तर नक्कीच.

आता आमच्याकडचं आजचं पाहू. आज क्रीडा संकुल आहे. सिमेंटचं कोर्ट आहे, बोर्ड पारदर्शक आहे, रिंगला जाळी आहे, तीन गुणांची रेष रंगाने पक्की मारलेली आहे, आणि ती 2010 पासून आणखी मागे गेली आहे. पोरांच्या पायात चांगले बूट आहेत. सकाळी शाळेत जाण्याआधी ती फोनवर अमेरिकेतला सामना थेट पाहतात आणि कोणाचा करार किती डॉलरचा हे तोंडपाठ सांगतात. आणि खरं सांगतो, आजची पंधरा वर्षांची पोरं लांबून जशी मारतात, तशी आमच्यातला एकही मारू शकत नव्हता. मनगट पाहा, पायाचा तोल पाहा, सगळं रेखीव. मुली खेळतात, हा तर सर्वांत मोठा बदल. आमच्या वेळी संध्याकाळच्या त्या मैदानावर मुलगी पाय ठेवत नव्हती. आता एका कोर्टवर मुलांच्या बरोबरीने मुली सराव करताना दिसतात, त्यांच्यासाठी वेगळ्या मापाचा बॉल आहे, आणि बाप दुचाकी लावून कडेला उभा राहून पाहतो. हे पाहायला मिळालं म्हणून मला फार बरं वाटतं.

पण सामने कुठं आहेत? शालेय स्पर्धा पावसाळ्यातच सुरू होतात. तालुका, जिल्हा, मग नागपूर विभाग. सगळ्या बाद पद्धतीच्या. हरला की गेला. वर्षभर घाम गाळणारी पोरगी ऑगस्टच्या चिखलात एक सामना खेळते, हरते, आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत तिचा हंगाम संपतो. विभागाला गाठ पडते नागपूरच्या संघाशी, ज्यांच्या गावात वर्षभर खेळ चालतो. आमची पोरं तिथं शरीराने कमी पडत नाहीत, सामन्याच्या सवयीने कमी पडतात. शेवटची दोन मिनिटं राहिली, चार गुणांनी मागे आहोत, आता काय करायचं? हे सरावात शिकता येत नाही.

संध्याकाळचा तो 'जिंकेल तो थांबेल' वाला खेळ आता नाही. बॅचेस आहेत. पाच ते सहा लहान मुलं, सहा ते सात मोठी मुलं. वयाप्रमाणे वेगळं करणं सुरक्षित आहे, शिस्तीचं आहे, पालकांनाही ते हवं असतं. पण बँकेचा कारकून आणि पोलीसदादा त्यामुळे कोर्टवरून गेले. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात म्हणून येणारी काही मुलं निकाल लागला की दिसत नाहीत. त्यांना दोष देत नाही मी. त्यांच्यापुढे हिशेबच तेवढा ठेवलेला आहे. नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, त्यासाठी प्रमाणपत्राची फाइल सांभाळली जाते. 'लागणं' अजून आहेच, फक्त लागायला आता स्पर्धा दसपट झाली.

खेळावर पोट चालवायची वाट महाराष्ट्रात मोकळी झाली ती कबड्डीत. ज्या खेळाचं प्रदर्शन अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी केलं होतं, त्याची प्रो लीग 2014 ला सुरू झाली आणि पाच वर्षांत चंदगड तालुक्यातल्या खेड्याचा सिद्धार्थ देसाई लिलावात 1 कोटी 45 लाखांना गेला. आमच्या झाडीपट्टीत धानाची कापणी आटोपली, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दंडार होते, नाटक होतं, आणि रात्र रात्र कबड्डीचे सामने होतात. कबड्डीच्या पोराला म्हणून गावच्या मैदानावरच भरपूर सामने मिळतात. बास्केटबॉलला देशात मधूनमधून लीग निघाल्या, इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीगमध्ये मुंबईचा संघही होता, पण वर्षानुवर्षं टिकून राहील अशी वाट अजून पडलेली नाही.

कोणी म्हणेल, लहान जिल्ह्यात कुठून आणायचं हे? भंडारा रोड स्टेशनवरून हावड्याच्या बाजूला जाणाऱ्या गाडीत बसलं की दोनेकशे किलोमीटरवर भिलाई येतं. तिथल्या पोलाद कारखान्याच्या कोर्टवर राजेश पटेल नावाच्या प्रशिक्षकाने साध्या घरच्या, खेड्यापाड्यांच्या मुली गोळा केल्या. त्यांना जवळपास घरच्या पोरींसारखं वाढवलं, आणि छत्तीसगडच्या त्या मुलींनी राष्ट्रीय विजेतेपदं आणली, भारताच्या संघात जागा पटकावल्या. 2018 मध्ये पटेल गेले. तीच गाडी, तोच रूळ, तसाच उन्हाळा. फक्त तिथं एक माणूस वर्षभर, रोज, कोर्टवर उभा होता आणि मुलींना खेळायला नेत होता.

लाटव्हियात मुलांच्या वयोगटांची लीग हंगामभर चालते. गाव गावाशी खेळतं, हरलं तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळतं. 2021 ला टोकियोत तीन-तीनच्या बास्केटबॉलचा ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा समावेश झाला, तेव्हा पुरुषांचं सुवर्ण याच देशाने नेलं. अंतिम सामना 21-18, शेवटचा शॉट कार्लिस लास्मानिसने लांबून मारला. एक रिंग, अर्धं मैदान, तीन विरुद्ध तीन, जो आधी 21 गाठेल तो जिंकला. रस्त्याच्या दिव्याखाली आम्ही जे खेळत होतो ते याहून फार वेगळं नव्हतं.

म्हणून माझ्या मनात एक साधी आखणी आहे. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर असे सात तालुके आहेत. प्रत्येकाचा मुलांचा एक, मुलींचा एक संघ. प्रत्येकाने दुसऱ्याशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या गावी, एकदा त्यांच्या. प्रत्येक संघाला 12 सामने मिळतात, मुलांचे मिळून 42 आणि मुलींचेही 42. धान घरात आल्यावर सुरू करून होळीच्या आत हे सहज आटोपतं. पाऊसही आड येत नाही. खर्च म्हणजे प्रवास, पंच आणि बॉल. कोर्ट तर बांधलेलीच आहेत. मंडईच्या गावांत तीन-तीनचे सामने ठेवावेत. त्याला एक खांब पुरतो, आणि कबड्डी पाहायला जमलेलं गाव तेही पाहील. मोठ्या माणसांनाही एक संघ द्यावा, पन्नाशीच्या आतल्या कारकुनांना, शिक्षकांना, पोलिसांना, आणि त्यांची गाठ सतरा वर्षांच्या पोरांशी घालावी. पहिला सामना साकोलीला ठेवला तर तुमसरची पोरं सकाळच्या एसटीने निघून, खेळून, रात्रीच्या जेवणाला घरी पोचतात.